जाळीचं दुसरं टोक

माझ्या आत्याने ज्या माणसावर दावा लावला होता, त्याच्याच टेम्पोतून ती कोर्टात यायची.

हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. मला हसू येत नसे, कारण तिची वकील मी होते. मी काळा कोट सावरत, फायली काखोटीला मारून कोर्टाच्या फाटकापाशी उभी असायची आणि समोरून तो निळा टेम्पो खडखडत यायचा. मागे लाकडी सांगाड्याला बांधलेल्या काचा, पुढे ड्रायव्हरशेजारी मांडीवर डबा घेऊन बसलेली आमची वादी. चालवणारा प्रतिवादी. तो आधी उतरायचा, मग तिला हात देऊन उतरवायचा. ती त्याला म्हणायची, "कॉलर नीट कर, कोर्ट आहे." आणि मग दोघं माझ्याकडे अशी बघायची, जणू उशीर मीच केला होता.

"आत्या, तू समोरच्या पार्टीबरोबर येतेस," पहिल्याच तारखेला मी तिला बाजूला घेऊन म्हटलं.

"कुठली पार्टी?"

"प्रतिवादी!"

"कोण प्रतिवादी?" तिने इकडेतिकडे पाहिलं. "आपला बुटक्या होय? अगं, मग मी यायचं कसं? उडत?"

मी कपाळाला हात लावला. तेव्हापासून तो दावा संपेपर्यंत माझा हात बहुतेक तिथेच होता.

आत्या म्हणजे आमच्या शाळेतल्या खेळाच्या बाई. व्हॉलीबॉलची पंच. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट आणि आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाला बुटाची नाडी सुटलेली असली तरी पोरगं तिथल्या तिथे खाली बसायचं. लग्न तिने केलं नाही. विचारलं तर म्हणायची, सामने असायचे शनिवार-रविवार, लग्न कधी करणार? निवृत्त झाली, गुडघे गेले, मग खुब्याचं हाड गेलं, पण शिट्टी गळ्यातून गेली नाही. ती अंघोळीलासुद्धा शिट्टी काढून ठेवत नसावी असा माझा संशय आहे.

बुटकेदादा तिचा विद्यार्थी. उंची बेताची, त्यामुळे जाळीजवळ त्याचा काही उपयोग नाही, आणि हौस मात्र दांडगी. त्याची टीम सतत हरायची. आत्याचा शाळेत एक नियम होता, तो मी लहानपणी कितीदा तरी पाहिलाय. सामना संपला की हरलेल्यांनी जाळी सोडून गुंडाळायची. बुटकेदादाने शाळेच्या सगळ्या वर्षांत जेवढी जाळी गुंडाळली, तेवढी दुसऱ्या कुणी गुंडाळली नसेल. पुढे त्याला कुठे काम मिळेना तेव्हा आत्यानेच आपल्या इमारतीतला तळमजल्याचा गाळा त्याला भाड्याने दिला. तिथे त्याने फोटोंना चौकटी करायचं दुकान थाटलं. माझ्या वकिलीच्या सनदेची चौकट त्यानेच केली, आणि पैसे विचारले तर म्हणाला, "पहिली केस जिंकलीस की दे."

पहिली केस त्याच्याच विरुद्ध निघाली. आता बोला.

झालं असं की आत्या राहायची तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. खुब्याच्या ऑपरेशननंतर तिचा जिना बंद झाला, म्हणजे बाहेरचं जग बंद झालं. काही हवं असेल तर ती खिडकीतून शिट्टी वाजवायची. एक शिट्टी म्हणजे भाजी, दोन म्हणजे औषध, लांब शिट्टी म्हणजे मला खाली न्या. लांब शिट्टी ऐकली की बुटकेदादा हातातली पटाशी ठेवायचा, आपल्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, हाक मारायचा आणि दोघं वर जायची. एका हलक्या वेताच्या खुर्चीला त्याने काच उचलायचे पट्टे बांधून ठेवले होते. आत्या खुर्चीत, वहिनी वरच्या बाजूला, तो खालच्या. खाली राहणारा माणूस खरं तर उंच हवा, म्हणजे खुर्ची सपाट राहते. तो बुटका, म्हणून त्याला खुर्चीचे पुढचे पाय पार खांद्यापर्यंत उचलून धरावे लागायचे. उतरताना आत्या वरून सूचना द्यायची, "डावा पाय! डावा म्हटलं ना! शाळेपासून तुला डावा-उजवा कळत नाही." तो घामाघूम होऊन म्हणायचा, "हो बाई."

हे किती दिवस चालणार? आत्याला तळमजला हवा होता. तळमजला त्याचा होता. त्याला तिसऱ्या मजल्यावर पाठवायचं म्हणाल, तर काचांची तावदानं तीन जिने कोण चढवणार, आणि चौकट करून घ्यायला गिऱ्हाईक तीन जिने कशाला चढणार? तिची गरज खरी, त्याचीही खरी. दोघांनी एका संध्याकाळी त्याच्या दुकानातल्या लांब टेबलापाशी बसून बरंच डोकं खाजवलं. मी तिथे होते. शेवटी आत्या म्हणाली, "हे बघ, या सामन्यात मी खेळाडू आहे. खेळाडूला पंच होता येत नाही. तिसरं माणूस हवं."

"म्हणजे कोर्ट?" त्याने विचारलं.

"म्हणजे कोर्ट. चालेल?"

"तुम्ही म्हणाल तसं, बाई."

मग आत्या माझ्याकडे वळली. "तू लाव दावा. आणि नीट लाव. मी बाई आहे म्हणून त्याने सोडून द्यायचं नाही आणि तो पोर आहे म्हणून मी सोडणार नाही. पूर्ण ताकदीने खेळायचं."

त्यानेही वकील केला. स्थूल, सज्जन माणूस, तोंडात कायम पेपरमिंट. पहिल्या दोन तारखांनंतर तो आणि मी कोर्टाच्या व्हरांड्यात एकमेकांकडे दुःखाने पाहायला लागलो. समोरच्या बाकावर आमची दोन्ही अशिलं एकाच डब्यातून पोळीभाजी खात असायची.

"तुमच्या बाईंना जरा आवरा," तो मला म्हणायचा.

"तुमचे साहेब तिला आणतात म्हणून ती येते," मी म्हणायची.

"मी त्यांना सांगून थकलो. आणू नका म्हटलं. वादी हजर नसली की दावा आपोआप निकालात निघतो, हेही समजावलं. ते म्हणाले, बाईंना खाडा चालत नाही."

साक्षीच्या दिवशी त्याने एक चांगला डाव टाकला. वकील म्हणून मी त्याला दाद देते. आत्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात, तिला बसायला खुर्ची दिलेली. पेपरमिंट गालात सरकवून त्याने अगदी लाघवी आवाजात विचारलं, "बाई, तुम्ही प्रत्येक तारखेला हजर होता, बरोबर?"

"एकही चुकवली नाही," आत्या ताठ बसत म्हणाली.

"राहता तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. म्हणजे जिना तुम्हाला उतरता येतो आणि चढताही येतो. मग तळमजल्याची गरज एवढी काय मोठी?"

आत्या सापडली होती. ती उत्तर देणार तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "नाही हो साहेब! त्यांना पायरीसुद्धा उतरता येत नाही. मी आणि आमची बायको उचलून उतरवतो."

प्रतिवादी उभा होता. स्वतःच्या वकिलाला खोडून काढत होता. वकिलाने पेपरमिंट गिळलं ते बहुतेक अख्खंच.

न्यायाधीश बाईंनी चष्मा डोक्यावर सरकवला. त्या फार कमी बोलत. "खाली बसा," त्या म्हणाल्या. "तुमची वेळ येईल तेव्हा हे शपथेवर सांगाल?"

"सांगेन ना. खरंच आहे."

आणि सांगितलंही. त्या एका वाक्यावर आम्ही जिंकलो. निकालात तसं लिहिलेलंच आहे, की वादीची गरज प्रतिवादीच्याच जबानीने सिद्ध झाली. गाळा आत्याला, त्याला सोडायला मुदत, आणि खर्च कुणी कुणाला द्यायचा यावर पुढच्या तारखेला म्हणणं ऐकू, असा हुकूम झाला.

पहिली केस जिंकल्यावर माणसाच्या अंगात काय संचारतं ते ज्याने जिंकली त्यालाच ठाऊक. मला वाटलं आता खर्चही घ्यायचा, एक पैसा सोडायचा नाही. आणि त्यात निव्वळ हावरटपणा नव्हता, हे सांगितलं पाहिजे. कोर्ट फी भरताना आत्याची शिल्लक आटली होती. तळमजल्याच्या गाळ्यात न्हाणीघर बांधायचं होतं, तेही तिला बसून अंघोळ करता येईल असं. त्याला पैसा कुठून आणणार होती ती? शिट्टी वाजवून?

"आत्या, खर्च मागायचा," मी तिला सांगितलं.

"नियम काय आहे?"

"हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा, हा नियम. पण शेवटी ते न्यायाधीशांच्या हातात असतं. त्यांना योग्य वाटलं तर पूर्ण देतील, वाटलं तर अर्धा, नाही वाटलं तर काहीच नाही."

आत्याला हे मुळीच आवडलं नाही. "वाटलं तर म्हणजे काय? चेंडू आत पडला की बाहेर? पंचाला वाटून कसं चालेल?"

"खर्चाच्या बाबतीत चालतं. दोन्ही बाजू कशा वागल्या तेही बघतात."

"बरं," ती जराशा नाराजीने म्हणाली. "नियम असेल तर माग. नियमाबाहेरचं काही मागू नकोस."

खर्चाचा तक्ता माझ्या मुन्शीने केला. हा मुन्शी आधी एका मोठ्या वकिलाकडे होता, हात बसलेला. मी वरवर पाहिलं, सही ठोकली. जिंकलेल्या माणसाला बारकाईने वाचायची सवय राहत नाही.

त्या दिवशीही निळा टेम्पो आला. खर्च मागायला आलेल्या बाईला खर्च भरणारा माणूस घेऊन आला. आत्याला बाकावर बसवून तो पाणी आणायला गेला, तेव्हा वहिनी माझ्याजवळ आल्या. त्या कधी फारशा बोलत नसत.

"किती होईल हो खर्च?" त्यांनी हळूच विचारलं.

मी आकडा सांगितला. वहिनींनी पदर हातात घट्ट धरला. म्हणाल्या, "बाईंना सांगू नका. गावाच्या त्या टोकाला एक गाळा बघून ठेवलाय. अनामत ठेवायला जे साठवलंय ते साधारण एवढंच आहे. ते गेलं की..."

‘मग हरायचं नव्हतं,’ हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी रागीट आहे, आणि राग आला की मला जे सुचतं ते चांगलं नसतं. पण त्यांच्याकडे बघून ते शब्द आतच राहिले. कारण हरायचं नसतं, तर तो हरला नसता. त्याला फक्त एकदा गप्प बसायचं होतं. नाहीतर एका तारखेला खुर्ची उचलायची नव्हती, एवढंच.

पुकारा झाला. मी उभी राहिले आणि नियमाने जे बोलायचं ते बोलले. बोलताना माझा आवाज मलाच परका वाटत होता.

न्यायाधीश बाईंनी तक्ता समोर ओढला. "प्रतिवादींचं यावर काय म्हणणं?"

पेपरमिंटवाले वकील उठत होते, तोवर बुटकेदादाच उभा राहिला. "काही म्हणणं नाही, मॅडम. देईन मी."

"कुठल्याही बाबीवर हरकत नाही?"

"नाही."

"वाचून तरी घ्या." त्यांनी स्वतःच एकेक बाब मोठ्याने वाचायला घेतली. कोर्ट फी. नोटिशीचा खर्च. नकलांचा खर्च. वकील फी. "आणि वादीचा प्रत्येक तारखेला येण्याजाण्याचा वाहनखर्च..."

कोर्टात शिट्टी वाजली.

नुसती वाजली नाही. भर कोर्टात, छतावरचा पंखासुद्धा थबकेल अशी, सामना थांबवायची असते तशी कर्कश शिट्टी. स्टेनोच्या हातून पेन पडलं. दाराशी डुलक्या काढणारा शिपाई धडपडत उभा राहिला. दुसऱ्या केसमधले दोन आरोपी आपोआप सरळ झाले.

"फाउल!" आत्या ओरडली.

कोर्टाचा अवमान, तुरुंग, सनद, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. "मॅडम, माफ करा, वादीचं वय..." मी काहीतरी पुटपुटले.

"वयाचं काय मध्येच?" आत्या माझ्यावरच उखडली. "तू हे लिहिलंस? येण्याजाण्याचा खर्च? कुठला खर्च? मी त्याच्याच टेम्पोतून आले. प्रत्येक वेळी! आजसुद्धा! त्याच्या पेट्रोलचे पैसे त्याच्याकडूनच घ्यायचे? असं खेळतात का?"

मी मान वळवून मुन्शीकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता. त्याच्या सवयीने त्याने सगळ्यांच्या तक्त्यात घालतो तशी ती ओळ घातली होती, आणि खाली सही माझी होती.

"चूक माझी आहे, मॅडम," मी म्हटलं. "ती बाब मी मागे घेते."

न्यायाधीश बाई माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्यांनी आधी शिपायाला खूण केली. "शिट्टी घ्या त्यांच्याकडून. कामकाज संपल्यावर द्या." आत्याने मुकाट्याने दोरी गळ्यातून काढली. पंचाचा निर्णय तिला मान्य असतो. शिट्टीशिवाय तिचा गळा मी पहिल्यांदाच पाहिला. तिथे सुरकुत्या होत्या, आणि दोरीची एक फिकट रेघ होती. एकदम म्हातारी दिसली ती मला.

मग न्यायाधीश बाई बुटकेदादाकडे वळल्या. "तुम्ही जिन्यावरून उतरवता, एवढं मला माहीत होतं. कोर्टातही तुम्हीच आणता?"

"हो."

"मग आत्ता हरकत का नाही घेतली?"

त्याने कॉलर नीट केली. "बाईंच्या कागदावर होतं ते. बाईंच्या तोंडावर हे खोटं आहे असं कसं म्हणायचं?"

"आणि एवढी रक्कम कशातून भरणार होता?"

तो पुन्हा कॉलर ओढू लागला. मागून वहिनी उभ्या राहिल्या आणि कुणी न विचारता म्हणाल्या, "नव्या गाळ्याच्या अनामतीतून, मॅडम. दुसरं काही नाही आमच्याकडे."

आत्याने वळून पाहिलं. "कुठला नवा गाळा?" तिने त्याला विचारलं. "कुठे? मला नाही सांगितलंस."

"गावाच्या त्या टोकाला, बाई."

"एवढ्या लांब?"

आणि त्या क्षणी मला कळलं की आत्याच्या आत्ता कुठे ध्यानात आलं होतं. इतके दिवस ती सामना खेळत होती. सामना संपला की समोरची टीम आपल्या घरी जाते, हे पंचाची शिट्टी वाजवण्यात हयात घालवलेल्या बाईला सुचलंच नव्हतं. जिना सुटणार, तसा जिन्यावर पुढचे पाय खांद्यावर घेणाराही जाणार. मला तिचा इतका राग आला आणि तिची इतकी दया आली की मी फायलीत तोंड घातलं.

"बाई," न्यायाधीश म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडी 'वादी' ऐवजी 'बाई' आलं होतं, "हरणाऱ्याने खर्च द्यायचा, हा नियम आहे. मला तो बाजूला ठेवता येतो, पण मग कारणं लिहावी लागतात. खर्च तुम्हाला मिळायचा आहे. तुमचं काय म्हणणं आहे?"

आत्या बसल्या जागीच ताठ झाली.

"आमच्याकडेही नियम होता, मॅडम. हरलेल्यांनी जाळी गुंडाळायची. या पोराने फार गुंडाळलीय. पण जाळी एकट्याने गुंडाळता येत नाही. गुंता होतो. म्हणून दुसरं टोक जिंकलेल्यांनी ताणून धरायचं, तोही नियम होता. टोक टाकून कुणी घरी पळालं तर मी दुसऱ्या दिवशी मैदानाच्या फेऱ्या मारायला लावायची. मग आता मी माझं टोक सोडून कसं चालेल?"

पेपरमिंटवाले वकील रुमालाने चष्मा पुसत होते आणि चष्मा बराच वेळ पुसला जात होता.

"वादीच्या वकिलांना आणखी काही सांगायचंय?"

माझ्यासमोर न्हाणीघर होतं, आटलेली शिल्लक होती, माझी पहिली जीत होती. "नाही, मॅडम," मी म्हटलं. "न्यायालयाला योग्य वाटेल तसं."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि स्टेनोला सांगायला सुरुवात केली. त्या शब्दांची नक्कल माझ्याकडे आहे, पण नक्कल न बघताही मला ते पाठ आहेत. "प्रतिवादी हरला आहे. त्याने वादीला न्यायालयात आणले नसते, तर हा दावा कदाचित चाललाच नसता. त्याने खरे सांगितले नसते, तर तो कदाचित हरला नसता. दावा लवकर आणि सरळपणे निकाली निघाला, तो हरणाऱ्याच्या वागण्यामुळे. अशा पक्षकारावर खर्चाचा बोजा टाकणे या न्यायालयाला योग्य वाटत नाही. दोन्ही पक्षांनी आपापला खर्च सोसावा." जरा थांबून त्या म्हणाल्या, "शिट्टी परत द्या."

बुटकेदादा बाहेर आला तो सरळ व्हरांड्याच्या कठड्याला टेकला आणि त्याने तोंडावरून हात फिरवला. वहिनी रडत होत्या. आत्या म्हणाली, "रडताय काय? हरलात तुम्ही. चला, मला घरी सोडा."

मुदत संपायच्या आधीच त्याने गाळा रिकामा केला. शेवटच्या दिवशी मी मदतीला गेले होते. मदत म्हणजे काय, एक खोकं धरून इकडेतिकडे उभी होते. दुकान रिकामं झाल्यावर किती लहान दिसत होतं! भिंतीवर चौकटींचे नमुने लावलेल्या जागा तेवढ्या उजळ राहिल्या होत्या. मागच्या कोपऱ्यात त्याने न सांगता न्हाणीघराचा ओटा बांधून घेतला होता, बसायच्या उंचीचा. भिंतीला धरायला दांडी बसवली होती, गुळगुळीत, चौकटीच्या लाकडाची. मी त्याला विचारलं, खर्च किती आला? तो म्हणाला, "सनदेच्या चौकटीचे पैसे दिलेस की त्यात धरू."

मग लांब शिट्टी वाजली. दोघं वर गेली. मी खाली उभी राहून जिन्यावरचा आवाज ऐकत होते. "डावा पाय! डावा!" "हो बाई." आत्याला त्यांनी खुर्चीसकट गाळ्याच्या मधोमध आणून ठेवलं. त्याने खुर्चीचे पट्टे सोडले आणि क्षणभर हातात धरून ठेवले. "आता हे लागणार नाहीत," तो म्हणाला.

"नाही," आत्या म्हणाली. "पायरीच नाही."

सगळं टेम्पोत गेलं होतं. राहिली होती फक्त त्याच्या काच कापायच्या टेबलावरची जाड लोकरी कापडाची बनात. काचेला चरा जाऊ नये म्हणून टेबलभर अंथरलेली, खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत लांब. टेबल आधीच गेलं होतं, ती जमिनीवर पसरली होती. त्याने गुडघे टेकून एका टोकापासून गुंडाळायला घेतली. ती वाकडी जायला लागली. पुन्हा उलगडली, पुन्हा गुंडाळली, पुन्हा वाकडी. मी खोकं ठेवून पुढे झाले.

"तू थांब," आत्या मला म्हणाली. मग त्याला, "ते टोक इकडे दे."

त्याने दुसरं टोक उचलून तिच्या हातात दिलं. तिने दोन्ही मुठींनी धरलं आणि खुर्चीत मागे रेलून ताण दिला. म्हाताऱ्या हातांत एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. बनात सरळ झाली. तो गुडघ्यांवर सरकत, कडा जुळवत, घट्ट गुंडाळत येऊ लागला. वहिनी दारात उभ्या होत्या. टेम्पोचं इंजिन बाहेर चालू होतं.

गुंडाळत गुंडाळत तो तिच्या पायांपाशी आला. गुंडाळी पूर्ण झाली. आता फक्त हातभर टोक राहिलं होतं, तेही तिच्या मुठीत.

"बाई," तो म्हणाला, "सोडा आता."

आत्याने टोक सोडलं नाही.